मामंजींचा खोकला

"अज्जा, खोका की. स्वल्प जोरात," पवित्रा म्हणाली.

जयसिंगरावांनी उशी छातीशी धरली आणि ते खोकले. त्याला खोकला म्हणायचं म्हणजे मांजराच्या शिंकेला तोफ म्हणण्यासारखं होतं. पवित्रा फिजिओथेरपिस्ट, निपाणीकडची, तोंडानं गोड आणि कामाला चिवट. सकाळपासून ती हे सातव्यांदा सांगत होती. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा नव्वदवर होता. काल संध्याकाळी घशातली श्वासाची नळी काढली तेव्हा तो शहाण्णव होता.

पलंगाच्या पायथ्याशी सून सौम्या उभी होती. आयसीयूत एका वेळी एकालाच सोडतात. खरं तर मुलगा दयानंद आत थांबायचा, पण त्याला नुसतं सलाइन पाहिलं तरी घेरी येते. तेव्हा तो बाहेर बसला होता आणि त्याच्या हातात एक फॉर्म होता. नळी पुन्हा घालावी लागली तर सही हवी म्हणून.

डॉक्टर धनलक्ष्मी आल्या. छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग सौम्याला बाजूला घेतलं.

"कफ साठतोय. वय एकाहत्तर, तीस वर्षं सिगारेट ओढलेली, छातीचं ऑपरेशनही बरेच तास चाललं. या तिन्हींचं आता कुणी काही करू शकत नाही. खोकला तेवढा त्यांच्या हातात आहे. बारापर्यंत वाट बघते. नाहीतर नळी परत घालावी लागेल. आणि दुसऱ्यांदा घातलेली नळी लवकर निघत नाही."

घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

सौम्याला नवल वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. हाच माणूस बनशंकरीतल्या घरी दारात नुसता खाकरला तर वरच्या मजल्यावरचे भाडेकरू रेडिओ बारीक करत. घरात बाया असतील, त्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणून आधी खाकरायचं, ही त्यांची वाडवडिलांपासूनची रीत. घर बंगळूरात, बोलणं निम्मं कन्नडात, पण ही रीत सुटली नव्हती. खाकरणं ऐकलं की सासूबाई, जमनाबाई, हातातलं टाकून स्वयंपाकघरात जायच्या. लग्न होऊन आलेल्या सौम्याला त्यांनी तेच शिकवलं. सौम्या बँकेत अधिकारी. हाताखाली नऊ माणसं. पण घरी मामंजी खाकरले की ती टीव्ही बंद करून आत जायची. तीन वर्षांमागे जमनाबाई गेल्या, तरी जायची. मोठ्यांचा मान, आणखी काय!

"अक्का, एक सांगू? राग मानू नका," पवित्रा हळूच म्हणाली. "मघाशी तुम्ही कॉफीला गेलात तवा एकदा झकास खोकले अज्जा. आकडा पण चढला. तुम्ही परत आलात आणि बंदच झालं."

सौम्याला वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. बारा वर्षं त्यांच्या गोळ्यांच्या वेळा तिनं सांभाळल्या, पथ्याचं रांधलं, बँकेतून रजा काढून तपासण्यांना नेलं. आणि जिवावर बेतलं तरी या माणसाला आपला संकोचच वाटावा? पण रुसायला ही वेळ नव्हती. आपण नसताना ते खोकत असतील तर आपण नसावं, एवढा साधा हिशोब होता.

ती उशाशी गेली.

"मामंजी, मी बाहेर बसते. तुम्ही निवांत खोका."

जयसिंगरावांचे डोळे उघडले. औषधाची गुंगी अजून पुरती उतरली नव्हती. सुया टोचलेला हात चादरीवरून पुढे आला आणि त्यांनी तिच्या ओढणीचं टोक धरलं. मास्कच्या आत ओठ हलले. पवित्रानं मास्क जरा वर केला.

"का गं जातीस?" घसा सोलवटलेला होता, शब्द कसेबसे आले. "मी खाकरलो कुठं अजून?"

पवित्राला काहीच कळलं नाही. सौम्याला कळलं, आणि कळल्याबरोबर तिला रडू आलं. मघाशी ते खोकले, डोळे उघडले, तर सून नव्हती. त्यांच्या लेखी नेहमीसारखंच झालं होतं. ते खाकरले की बाई उठून जाते. तीन वर्षं रोज संध्याकाळी ते दारात खाकरत होते आणि रिकाम्या खोलीत येऊन बसत होते. ती मान देत होती, ते मर्यादा पाळत होते, आणि दोघांमध्ये एक भिंत राहिली होती. आता ती रिकामी खोली नको म्हणून त्यांनी खोकलाच गिळून धरला होता.

तिनं डोळे पुसले आणि त्यांचा हात हातात घेतला.

"खाकरा, मामंजी. मी नाही जात."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी तिच्याकडे एकदा पाहून घेतलं. उशी छातीशी आवळली. आणि ते खाकरले. टाके ओढले गेले, डोळ्यांत पाणी आलं, पण चिकट कफाचा गोळा पवित्रानं धरलेल्या भांड्यात पडला. पलीकडच्या पेशंटजवळ उभ्या असलेल्या डॉक्टर धनलक्ष्मी वळून बघू लागल्या. आकडा एक्क्याण्णव झाला. मग त्र्याण्णव.

"भले अज्जा! आणि एकदा!" पवित्रा म्हणाली.

जयसिंगरावांनी आधी सौम्याकडे बघितलं. मग दुसऱ्यांदा खाकरले, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

सौम्या जागची हलली नाही.