रविवारचं काम

बाबांच्या अस्थी त्यांच्याच लाडक्या जुन्या गाडीतून समुद्रावर न्यायच्या, असा स्वरदाचा हट्ट होता. पण गाडी केलीव्हिलच्या घराच्या गॅरेजमधून बाहेर येण्याआधीच धापा टाकत बंद पडली. शेवटी फोनवर व्हिडिओ बघत तिने कार्बोरेटरचे दोन स्क्रू फिरवले आणि इंजिन एका लयीत चालू लागलं.

"आई, एवढ्याशा कामात बाबांचा दर रविवार जायचा? इंजिनिअर होते ना गं ते!" स्वरदाने बॉनेट बंद केलं.

"त्यांना नावं ठेवू नकोस," आई डोळे पुसत म्हणाली. "दर रविवारी गाडी अगदी ठणठणीत करायचे."

 

मग आई हळूच म्हणाली, "शनिवारी मीच ते स्क्रू पुन्हा ढिले करून ठेवायचे. नाहीतर दिवसभर ओट्याशी उभं राहून मला फोडणी शिकवली असती!"