वारसा दौड

२००४ साली जुन्नरच्या एका मंडळाने मानमोडीच्या डोंगराला वळसा घालून दहा किलोमीटरची 'वारसा दौड' ठेवली. "आपला दोन हजार वर्षांचा ठेवा बघायला या," असं अध्यक्ष माइकवरून तीनतीनदा सांगत होते.

महाळुंगे पडवळची रोहिणी मुलींमध्ये सगळ्यांच्या पुढे होती. पहिल्या नंबराला सायकल होती आणि कॉलेजला जायला तिला ती हवीच होती. पण निम्म्या वाटेवर लेणी लागली आणि तिचे पाय थांबले. एवढा डोंगर माणसांनी हाताने कोरला होता. आत जाऊन ती भिंतीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. खालून धापा टाकत मागच्या पोरी एकेक करून पुढे गेल्या. लेण्यांकडे एकीनेही मान वर केली नाही.

ती नववी आली. सायकल दुसरीच घेऊन गेली.

"पायात गोळा आला का गं?" अध्यक्षांनी विचारलं.

"न्हाई. लेणी बघत व्हते."

"शर्यत सोडून?"

"तुमीच म्हणलात ना, बघायला या."

आजूबाजूचे हसले. रोहिणीने मान खाली घातली नाही. ती अध्यक्षांकडे बघत राहिली. त्यांनी घसा खाकरला, खिशातून रुमाल काढून मान पुसली आणि चिटणीसांना जवळ बोलावलं.



"पुढच्या वर्षी रस्ता बदला. मधे लेणी आली की पोरं रेंगाळतात."