औषधाचा असर

“गळ्याभोवती कोणीतरी हात आवळल्यासारखं वाटतं. संध्याकाळी जास्त. बोलायला गेलं की आवाज आतच राहतो.”

कुंदन वाचत होता. अमरावतीच्या होमिओपॅथी कॉलेजच्या छोट्या हॉलमध्ये सगळे कान देऊन ऐकत होते. त्याची बायको प्राजक्ता पुढच्याच रांगेत मान खाली घालून बसली होती. ही लक्षणं तिची होती.

“इतकी स्पष्ट लक्षणं दुसऱ्या कोणीच दिली नाहीत,” कुंदन खुशीत म्हणाला. “बायको आहे म्हणून नाही सांगत हं.”

सगळे हसले.

एका नव्या औषधाचं प्रूव्हिंग कुंदनने केलं होतं. धडधाकट माणसांना औषध द्यायचं आणि त्यांना काय काय व्हायला लागतं ते टिपून ठेवायचं. औषधाने निरोग्याला जे होतं, तेच रोग्याला होत असेल तर ते औषध त्याला बरं करतं, हा या शास्त्राचा विश्वास. त्यातही काहींना मुद्दाम नुसत्या साखरेच्या गोळ्या द्यायच्या. कोणाला काय मिळालं हे घेणाऱ्यालाही कळू द्यायचं नाही आणि कुंदनलाही नाही. ती यादी प्रयोगावर देखरेख करणाऱ्या अकोल्याच्या गीतांजली मॅडमकडे बंद पाकिटात होती. आज त्या ते फोडून सांगणार होत्या.

एक मुलगी ऐनवेळी गळाली म्हणून कुंदनने प्राजक्ताचं नाव घातलं होतं. तिला विचारलं नव्हतं. विचारायची त्याला सवयच नव्हती. प्राजक्ताही होमिओपॅथीचीच डॉक्टर. लग्नाआधी माहेरी, मोर्शीत तिचा लहानसा दवाखाना होता. “एका घरात दोन दवाखाने कशाले पायजेत?” असं कुंदन म्हणाला आणि ती राजापेठेतल्या त्याच्या दवाखान्यात, पडद्याआड बसून पुड्या बांधू लागली.

तसा तो वाईट माणूस नव्हता. त्याने कधी आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. साड्या हौसेने आणायचा, रंग त्याच्या आवडीचा असायचा. कोणी प्राजक्ताला चहा विचारला तर “ती नाही घेत” हे तोच सांगायचा. ती घ्यायची खरं तर. पण एवढ्यातेवढ्यावरून भांडायचं कसं? आणि माहेरी सांगायचं तरी काय?

गोळ्या सुरू झाल्या आणि दुपारी गीतांजली मॅडमचा फोन येऊ लागला. काय होतं? कुठे होतं? केव्हा वाढतं? इतकं बारीक तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. प्राजक्ता सांगत गेली आणि सांगता सांगता तिला हायसं वाटू लागलं. घसा आवळतो तो औषधाने. कुंदनची गाडी फाटकाशी थांबली की छाती जड होते, तीही औषधानेच. गाडीचं मात्र तिने मॅडमना सांगितलं नाही. ‘संध्याकाळी’ एवढंच म्हणाली. आधीही असंच व्हायचं, हे तिने स्वतःलाही आठवू दिलं नाही. औषधाचा असर आज ना उद्या उतरतो. मग हेही उतरेल. एवढ्या एका आशेवर तिने दिवस काढले होते.

मॅडमनी पाकीट फोडलं. एकेक नाव वाचत त्या प्राजक्ताच्या नावापाशी आल्या आणि थांबल्या. चष्मा सारखा करून त्यांनी पुन्हा पाहिलं.

“प्राजक्ता. नुसत्या साखरेच्या गोळ्या.”

हॉलमध्ये हशा पिकला. कुंदनही हसला, पण त्याचे कान लाल झाले. औषध नव्हतंच. मग उतरणार काय होतं?

“म्हणजे सारे मनाचे खेळ,” कुंदन सावरून घेत म्हणाला. “चला, बरं झालं. तुले काही झालंच नव्हतं.”

मॅडम हसल्या नव्हत्या. त्यांनी सरळ प्राजक्ताकडे पाहिलं.

“तो त्रास अजून होतो का गं तुला?”

“नाही मॅडम,” कुंदन म्हणाला, “आता एकदम ठीक आहे ती.”

प्राजक्ता उभी राहिली. आवाज फाटका निघाला, पण निघाला.

“मॅडम मले विचारून राहिल्या.”

मग ती मॅडमकडे वळली.

“होतो, मॅडम,” ती म्हणाली. “आत्तापण होऊन राहिला. गोळ्यांच्या आधीपासून आहे. लग्न झालं तेव्हापासून.”

पुढची नावं वाचली गेली, पण कोणाचं लक्ष नव्हतं.

बाहेर कुंदनने गाडी काढली. तो रागावलेला दिसत नव्हता. भांबावलेला होता.

“बस,” तो म्हणाला. “घरी जाऊन बोलू.”

“मी मोर्शीले चालली.”

“आईची आठवण आली असंन. रविवारी नेतो ना मी तुले.”

“आईसाठी नाही. मले माझा दवाखाना उघडाचा आहे.”

प्राजक्ताने रस्त्यावरचा ऑटो थांबवला, बस स्टँड सांगितलं आणि आत बसली.

“कधी येशील?” कुंदनने विचारलं. आणि लग्नानंतर पहिल्यांदाच, ती काय सांगते याची वाट पाहत उभा राहिला.