साहेबांचं नाव झळकलं

वाळूजच्या कंपनीचं व्हेंडर पोर्टल मेघानं एकटीनं उभं केलं, पण वार्षिक समारंभात शाल-श्रीफळ घेतलं काळदाते साहेबांनी. मेघा रोज बंद पडणारा सर्व्हर उठवायची आणि फोनवर माल पुरवणाऱ्या व्हेंडरांच्या शिव्या खायची. "साहेब, मेमरी वाढवल्याबिगर हा एरर जाणार नाय," हे सांगून सांगून तिची जीभ झिजली. साहेबांचं उत्तर ठरलेलं, "चाललंय ना? मग चालू दे."

परवा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा तिला वाटलं मेमरी मंजूर झाली.

"मेघा, एवढ्या पोर्टलवर माझं नाव कुठंच नाय? सगळ्यात जास्त लोक बघतात तिथं टाक. फोटो पण लाव."

"व्हय साहेब, आजच टाकते," ती इतक्या गोडीनं म्हणाली, की साहेबांनी तिला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी मेघाचा फोन गप्प होता. साहेबांचा मात्र सकाळपासून थांबेना, आणि पलीकडचा प्रत्येक जण शिवीनंच सुरुवात करत होता.



पोर्टलवर लोकांना सगळ्यात जास्त दिसायचं ते एररचं पान. तिथं आता काळदाते साहेब फोटोत हसत होते, खाली स्वतःच्या मोबाईल नंबरसकट.