तोरबोर्ग कधी येणार?

"तोरबोर्ग कधी येणार?" एल्सीने पुन्हा विचारलं. समोर बसलेल्या पोटच्या मुलीकडे बघूनच विचारलं.

पेर्निलाने वेलदोड्याच्या बनचा तुकडा मोडून आईच्या हातात दिला. "खा, आई. कॉफी निवतेय."

"ती आली की खाईन."

वृद्धाश्रमातली टिंड्रा पलंगावरची चादर बदलत होती. विशीतली पोर, बोलायला मोकळी. तिला हसू फुटलं. "दिवसभर हेच चाललंय बघ, पेर्निला. तोरबोर्ग, तोरबोर्ग! काय पण नाव! म्हणजे आता जुन्या नावांची चलती आहे हं. माझ्या भाचीच्या पाळणाघरात दोन सिग्रिड आहेत, एक अस्त्रिद आहे. पण तोरबोर्ग परत आणायला अजून कुणी धजलेलं नाही. ऐकलं की ग्लासात ठेवलेली कवळीच डोळ्यांपुढे येते." तिने उशी थोपटली. "कोण गं ही? हिची बहीण का?"

पेर्निलाही हसली. जरा जास्तच हसली. साठीला आलेली बाई, पण तिची कानशिलं तापली, शाळेत तापायची तशीच.

वर्गात सगळ्या लेना, सुसान, कामिला. त्यांच्यात ही एकटी तोरबोर्ग. एल्सीने आपल्या आईचं नाव मोठ्या हौसेने लेकीला ठेवलं होतं. "तोर म्हणजे गडगडाटाचा देव, बोर्ग म्हणजे गढी," ती सांगायची. "आभाळ कोसळलं तरी तुला काही व्हायचं नाही, बाळा." आभाळ कोसळलं नाही, पोरं तुटून पडली. "ए म्हातारे, काठी कुठे विसरलीस?" "तोरबोर्गआजी, दात दाखव!" मुलगी रडत घरी यायची आणि एल्सी तिला कुशीत घेऊन, जीव ओतून, त्याच नावाने हाका मारत समजवायची.

अठराव्या वाढदिवसाला एल्सीने केकवर क्रीमने नाव काढलं. मुलीने सगळ्या पाहुण्यांदेखत ते सुरीने खरवडलं आणि सुरी आईच्या बशीत पुसली.

"मी पेर्निला. सरकारदरबारी बदलून आलेय. यापुढे ते नाव तुझ्या तोंडून ऐकलं, तर या घरात पाऊल ठेवणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी एल्सीने हाक मारली ती 'पेर्निला' अशीच. नंतरच्या चाळीसेक वर्षांत ती एकदाही चुकली नाही. पेर्निला लग्न होऊन हेर्नोसांडला आली, तिच्या नवऱ्यालाही त्या नावाचा पत्ता लागला नाही. मग एल्सीचा एकेक दिवा विझू लागला, म्हणून लेकीने तिला आपल्या गावातल्या या वृद्धाश्रमात आणून ठेवलं. म्हातारीच्या डोक्यातून अलीकडचं आधी गेलं. पेर्निला गेली. तोरबोर्ग तेवढी उरली.

"बहीण नव्हे," पेर्निला टिंड्राला म्हणाली. "तिची थोरली मुलगी. लहानपणीच गेली."

टिंड्राचं हसू जिरलं. "अगं आई गं. आणि मी काहीबाही बरळले."

"तुला कसं माहीत असणार?" पेर्निलाने ओठांवरची साखर पुसली. खोटं इतक्या अलगद निघालं की तिला हलकं वाटलं.

पुढच्या रविवारी ती आली, तर टिंड्रा दारातच उभी. डोळे सुजलेले.

"माझं चुकलं, पेर्निला. परवा ती अनवाणी बाहेर गेली, बर्फात. तोरबोर्ग शाळेतून आली नाही म्हणून शोधायला. फाटकापाशी सापडली तेव्हा पाय निळे पडले होते. पुन्हा जाईल या भीतीने मी सांगून टाकलं. म्हटलं, एल्सी, तोरबोर्ग आता या जगात नाही."

"विसरेल ती."

"मलाही तसंच वाटलं होतं. जेवलेलं विसरते, मला विसरते. हे मात्र नाही विसरली. दोन दिवस घोटभर पाणी घेतलेलं नाही."

एल्सी खिडकीशी बसली होती. अंगात काळा झगा, अंत्यविधीला घालतात तसा. कुणीतरी आत आलंय एवढंच तिला कळलं.

"बाई," ती परक्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "तुम्हाला ठाऊक आहे का हो? माझ्या मुलीला पुरलं कुठे? मला का नाही नेलं? तिला फार दुखलं का? मला हाका मारत होती का?"

पेर्निला खाली बसली. तिने आईच्या गुडघ्यांना मिठी घातली. टिंड्रा दारातून ऐकत होती. ऐकेना का.

"आई, माझ्याकडे बघ. कुणी मेलं नाही. मी इथे आहे. मीच तोरबोर्ग."

ते नाव इतक्या वर्षांत तिच्या स्वतःच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. जीभ अडखळली. मागे टिंड्राचा श्वास अडकल्याचा आवाज आला.

एल्सीने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. कपाळ, नाक, हनुवटी, एकेक चाचपून पाहिलं. हळूहळू म्हातारीची नजर निवळली. कित्येक महिन्यांत अशी निवळली नव्हती.

"पेर्निला," ती म्हणाली.

"हो, आई! हो, मीच!"

एल्सीने हात काढून घेतले.

"मेलेल्या पोरीचं सोंग घेऊ नये, पेर्निला. जिवंत होती तेव्हा तर तुला तिचं नावसुद्धा सोसत नव्हतं."