मुनीराच्या पाच फेऱ्या

चौथी फेरी संपली तेव्हा बारा वर्षांची मुनीरा सर्वांत पुढे होती आणि शेजारी बसलेल्या तिच्या बापाचे, इलियासचे, डोळे मिटत होते.

चौसष्ट साल होतं. कतारमधल्या दोह्याबाहेरच्या खारट, कडक जमिनीवर तेल कंपनीचे साहेब दर शुक्रवारी भंगार गाड्यांची शर्यत लावत. काचा काढलेल्या, दारं तारेनं बांधलेली, आणि एकमेकांना धडका मारून पुढे जायची उघड मुभा. आज मुलांची शर्यत होती. मुलानं चालवायचं, बापानं हँडब्रेकवर हात ठेवून शेजारी बसायचं.

आठवडाभर लोकांच्या गाड्यांखाली उताणं पडणाऱ्या मेकॅनिकला सुट्टीच्या शुक्रवारी चटईवर आडवं होण्याशिवाय काही सुचत नाही. वर्षभर मुनीरा शर्यतीसाठी मागे लागली होती, आणि "पुढच्या शुक्रवारी, इन्शाल्ला" म्हणून इलियास कूस बदलत होता.

आता पुढचा शुक्रवार उरलाच नव्हता. बुधवारच्या बोटीनं मुनीरा आणि तिची आई खतिजा निघणार होत्या. पोरीला पुढं शिकायचं होतं आणि शाळा रत्नागिरीला होती. इलियास दोह्यातच, नजमा वस्तीतल्या सहा जणांच्या खोलीत एक खाट घेणार होता. बोटीचं ठरलं तेव्हा कुठं त्याला जाग आली. कामावरून सुटल्यावर महिनाभर खपून त्यानं एक मोडकी गाडी उभी केली, पोरीला चालवायला शिकवलं. खतिजानं कपाळावर हात मारून घेतला. आज सकाळी मात्र तिनंच पोरीची ओढणी मागं घट्ट बांधून दिली.

"एकदाच, बाबा," मुनीरा म्हणाली होती. "पण जिंकूनच जाणार."

आणि जिंकत होती की पठ्ठी! एवढ्या थकव्यातही इलियासचा ऊर भरून आला. आता पाचव्या फेरीचं शेवटचं वळण तेवढं राहिलं होतं. त्याची मान पुन्हा कलली.

मागून हॉर्न वाजला. मोठ्या साहेबाचा, दोन लांब, एक आखूड. त्याचा मुलगा चालवत होता, साहेब शेजारी होता. इलियास पुरता जागा व्हायच्या आत त्याचा हात स्टिअरिंगवर गेला आणि त्यानं ते उजवीकडे ओढलं. गाडी मऊ वाळूत शिरली आणि रुतून बसली. साहेबाची गाडी सुसाट पुढं गेली. जाताना साहेबानं नेहमीसारखा हात वर केला.

चौदा वर्षं कॅम्पच्या रस्त्यावर हा हॉर्न ऐकला की इलियास वर्कशॉपची लॉरी वाळूत घालून साहेबाला वाट देत आला होता. एकदाही कुणी सांगावं लागलं नव्हतं.

मुनीरानं इंजिन बंद केलं. इलियासला शरमेनं तिच्याकडे बघवेना.

"चुकलं माझं, पोरी," तो म्हणाला. "हात आपोआप गेला."

तिनं त्याच्या ग्रीसनं काळ्या पडलेल्या हाताकडे बघितलं. मग तिनं विचारलं, "बाबा, रत्नागिरीत असा हॉर्न मारणारं कोण आहे?"

"कोणी नाही गं."

"मग तुम्ही पण चला."