पंडितांचं जिवंत श्राद्ध

पंडित तारिणीचरण वारले. छे, कुठे काय! ते ओसरीवर चुरमुरे खात बसले होते. एका विधवेचं लग्न लावून दिलं म्हणून बंगालमधल्या त्या गावाने रागाने त्यांचं जिवंतपणीच श्राद्ध घातलं होतं, एवढंच.

मग शेजारणी त्यांच्या बायकोच्या शंखाच्या बांगड्या फोडायला आल्या.

"मोक्षदावहिनी, हात पुढे करा. विधवेला आता मासळीही बंद."

मोक्षदेने हात पदराखाली लपवले.

"ही विधवा?" पंडित उठले. "मग हिचंही लग्न लावतो. नवरा मीच."

"अगं बाई, आणखी एक विधवाविवाह! राहू द्या त्या बांगड्या!" शेजारणी पळाल्या. मोक्षदेचा जीव भांड्यात पडला आणि मासळी कढईत.

पंडितांनी पंचांना अर्ज धाडला: 'सबब, मृत अर्जदारास त्याच्या श्राद्धाची खीर घरपोच मिळावी, ही विनंती.'